हातातला गुलाब, खोक्यातला गुलाब

2024 च्या उन्हाळ्यात पॅरिसने ऑलिंपिक भरवलं आणि पदकविजेत्यांच्या हातात एक लांबट खोका दिला. आत स्पर्धेचं पोस्टर. फुलं नव्हतीच. टोकियोने आधीच्या खेपेला भूकंप आणि त्सुनामीने झोडपलेल्या प्रांतांत पिकवलेल्या फुलांचे चिमुकले गुच्छ दिले होते. ते काही थोर कलाकृती नव्हते, पण गुच्छ होते. आणि इथे, ज्या शहराने गुच्छ कसा बांधावा, कसा द्यावा आणि कसा घ्यावा याचे धडे निम्म्या जगाला दिले, तिथे भर उन्हाळ्यात गुंडाळी केलेला कागद. खोक्याचं मला फारसं काही वाटलं नाही. क्रीडासमित्यांकडून रसिकतेची अपेक्षा कुणी करत नाही. पण फुलांच्या दुनियेतली जी मंडळी एरवी रॅफियाच्या सुतळीच्या एका गाठीवरून हमरीतुमरीवर येतात, त्यांच्यापैकी कुणी याबद्दल चकार शब्द काढलेला माझ्या वाचनात आला नाही. चीड आली ती त्याची.

त्या मौनामागे एक गृहीतक आहे आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांच्या फ्रेंच पुष्पकलाविषयक लेखनात ते ठाण मांडून बसलं आहे. हातात बांधलेला गुलाबांचा गोल गुच्छ, ज्याला तिथे 'बुके रों' म्हणतात, तो आता संपला, असं ते गृहीतक. तो आजीच्या दिवाणखान्यातला, मातृदिनाचा, होणाऱ्या सासूकडे पहिल्यांदा जेवायला जाताना न्यायचा. कला म्हणून जे काही चाललं आहे ते दुसरीकडे कुठेतरी. गंमत अशी की हा 'संपलेला' गुच्छ कोपऱ्याकोपऱ्यावरच्या दुकानांत रोज बांधला जातो, रोज विकला जातो आणि 'सेआपे फ्लरिस्त' या सरकारी प्रमाणपत्रासाठी धडपडणाऱ्या पोरापोरींना आधी तोच बांधायला शिकवतात. याचा अर्थ लावायच्या भानगडीत टीकाकार पडत नाहीत. लोकांची अभिरुची मागासलेली, एवढं म्हणून ते मोकळे होतात. मला वाटतं लोकांचं बरोबर आहे. टीकाकार ज्या दिशेला डोळे लावून बसले आहेत तिथे फुलं अमाप आहेत आणि पुष्पकला बेताची.

ती दिशा आधी उरकून टाकतो. 2012 साली फॅशन डिझायनर राफ सिमॉन्सच्या दिओरमधल्या पहिल्या प्रदर्शनासाठी एका हवेलीच्या खोल्याच्या खोल्या फुलांनी मढवल्या गेल्या. पहिल्यांदा तो धक्का होता. त्यानंतर फुलांची भिंत ही साथ झाली आणि आज प्रत्येक लग्नात, प्रत्येक दुकानाच्या उद्घाटनात ती येते. जॉर्ज सँक हॉटेलात अमेरिकन जेफ लेदॅम काचेच्या उंच पात्रांतून दांडे तिरके काढतो. प्रवाशाने बॅग खाली ठेवून एक फोटो घ्यावा, इतपत ते ठीक. पती पाले संग्रहालयाजवळ 2019 पासून उभा असलेला जेफ कून्सचा ट्युलिपांचा धातूचा गुच्छ हे पॅरिसमधलं हातातल्या फुलांचं सर्वांत मोठं शिल्प, आणि त्यातल्या हाताला फक्त मूठ आवळता येते. 'ओ नों द ला रोझ'ची साखळी फुटपाथवर पाकळ्या पसरून गिऱ्हाइकाला आत ओढते, हे मोहक आहे. आत मात्र गुलाब नगावर विकला जातो. आणि गोल डब्यांत दाटीवाटीने बसवलेले ते 'चिरंतन' गुलाब, अंगातला रस काढून ग्लिसरीन आणि रंग भरलेले? पेंढा भरलेला वाघ दिवाणखान्यात ठेवणाऱ्यांनी ते जरूर विकत घ्यावेत.

क्रिस्तियाँ तोर्त्यूला मात्र मी या रांगेत उभं करणार नाही. ओदेओंच्या चौकातल्या त्याच्या दुकानाने गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत गुच्छात भाज्या आणल्या, शेवाळ आणलं, फांद्या आणि रानगवत आणलं, आणि फ्रेंच गुच्छाच्या अंगावरची कडक इस्त्री उतरवली. ती क्रांती होती, असं म्हणायला माझी हरकत नाही. पण तोर्त्यूला गुलाब बांधता येत होता, म्हणून त्याने तो सैल केला तेव्हा त्या सैलपणाला अर्थ आला. त्याच्यानंतर जे 'शांपेत्र' नावाखाली आलं, म्हणजे शेतशिवारातल्या धाटणीचं, त्यात गाठ शिकण्याआधीच ती सोडायची घाई दिसते. दोन ओंब्या, थोडी नायजेला, वाऱ्यावर डोलणारं काहीतरी आणि मधोमध वाट चुकून आल्यासारखा एखादा गुलाब. आत्ताच बांधावरून फेरफटका मारून आलो आणि जाता जाता ही फुलं खुडली, असा त्याचा आविर्भाव असतो. प्रत्यक्षात बांधणारा पहाटेच्या अंधारात रूंजीच्या घाऊक बाजारात जाऊन तीच प्लास्टिकची वेष्टनं फोडून आलेला असतो. सहजतेचं नाटक करायला माझा विरोध नाही, सगळी कला थोडंबहुत तेच करते. पण फोटो काढून झाल्यावर हा गुच्छ पाण्यात ठेवा. अर्ध्या तासात त्यातलं गवत एका बाजूला झुकतं, मधे भगदाड पडतं, आणि कळतं की त्याला आतून काही आधारच नव्हता.

(पियेर बान्शेरोचं 'दबोलिय' हे दुकान हा एक अपवाद नोंदवून ठेवतो. ग्लॅडिओलस, कार्नेशन, अँथुरियम अशी सगळ्यांनी हिणवलेली फुलं त्याने परत प्रतिष्ठेला आणली. त्याचा विक्षिप्तपणा अभ्यास करून मिळवलेला आहे. पण तो आजचा विषय नाही.)

आता गुलाबाकडे वळतो.

माने या चित्रकाराच्या 'ऑलिंपिया'मध्ये सगळ्यांनी तिचा उघडा देह पाहिला, ती थेट रोखून बघते ते पाहिलं, पायाशी उभं असलेलं काळं मांजर पाहिलं. 1865 च्या सालों या चित्रप्रदर्शनात त्या चित्रावरून एवढा गदारोळ झाला की त्यातल्या गुच्छाकडे बघायला कुणाला सवड मिळाली नसावी. गुच्छ कागदात गुंडाळलेला आहे. दासीने तो पुढे केला आहे आणि जिच्यासाठी आला ती त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. माने हा फुलं रंगवणारा पक्का माणूस; त्याने ही फुलं फुलदाणीत घातली नाहीत, वाटेत ठेवली. कुणीतरी पाठवली, कुणीतरी आणली, अजून कुणी स्वीकारलेली नाहीत. हातबांधणीच्या गुच्छाचं सगळं नाट्य या मधल्या वेळात असतं. त्याच्याही आधी, 1783 मध्ये, व्हिजे ल ब्राँने मारी आंत्वानेतला साध्या मलमलीच्या झग्यात रंगवलं. राणी अंतर्वस्त्रांत चितारली म्हणून ओरड झाली, चित्र सालोंमधून उतरवावं लागलं आणि त्याच ढंगात दुसरं चित्र रेशमी पोशाखात रंगवलं गेलं. कपडे बदलले; हातातला गुलाब आणि त्याला बांधायची फीत मात्र दोन्हीकडे तशीच आहे. राणीने मलमल नेसणं दरबाराला सोसलं नाही, तिने फुलं आपल्या हाताने बांधणं सोसलं. तिथे ते काम कुणालाच कमीपणाचं वाटत नव्हतं, हे यातून दिसतं.

आणि ते काम काय आहे ते नीट बघायला हवं, कारण त्यावर लिहिणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांनी ते जवळून पाहिलेलं नसावं अशी मला शंका आहे. दांड्याच्या खालच्या भागातली पानं आणि काटे आधी काढले जातात. पहिला दांडा डाव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात उभा राहतो. दुसरा त्याच्यावर तिरका. तिसरा दुसऱ्यावर, त्याच दिशेने तिरका. थोड्या थोड्या वेळाने गुच्छ हातातल्या हातात फिरवायचा आणि पुढचा दांडा पुन्हा त्याच कोनात आत घ्यायचा. एक जरी दांडा उलट दिशेने शिरला तरी तो बाकीच्यांना आडवा जातो, वरची फुलं एकमेकांवर आदळतात, खालचे देठ चेमटतात. सगळे एका दिशेने गेले तर ते एकमेकांना धरून वळत जातात; वर फुलं जितकी फाकतात तितकेच खाली देठ उलट बाजूंना फाकतात. ज्या बिंदूत ते एकमेकांना छेदतात ती गुच्छाची कंबर. कंबर वर धरली तर गुच्छ आवळ आणि लहान, खाली धरली तर मोकळा आणि रुंद. तिथे रॅफियाचे दोन-तीन वेढे घ्यायचे आणि गाठ मारायची. मग देठ खाली एका पातळीत कापून गुच्छ टेबलावर सोडून द्यायचा. चांगला बांधलेला गुच्छ स्वतःच्या देठांवर उभा राहतो. नाही राहिला तर ती मोळी.

ना तार, ना जाळी, ना स्पंज, ना डबा. बांधलेल्या वस्तूंनीच एकमेकींना तोलून धरायचं आणि तो तोल डोळ्यांआधी हाताला कळायचा. डाव्या हाताची पकड जराशी घट्ट झाली तर देठ फिरत नाहीत, जराशी सैल पडली तर कोन बिघडतो. गिऱ्हाईक समोर उभं असतं, बोलत असतं, आणि हे सगळं त्याच्या डोळ्यांदेखत काही मिनिटांत घडतं. इतर कुठली कला आज विकत घेणाऱ्यासमोर पहिल्यापासून शेवटापर्यंत घडते? न्हाव्याची म्हणाल, तर मान्य.

मग गुलाबच का? कारण बाकीची फुलं या बांधणीपुढे एक तर शरण जातात किंवा तिला जुमानत नाहीत. ट्युलिप कापल्यावरही वाढत राहतो आणि उजेडाकडे मान वळवतो. आज बांधलेला आकार उद्या त्याने बदललेला असतो. पिओनीचं रूप थक्क करणारं, पण ती एका रात्रीत पाकळ्या टाकून मोकळी होते. लिलीला तर शेजार असा नकोच असतो. गुलाबाचा दांडा ताठ, डोकं जड, आणि उमलणं जागच्या जागी. आज हातात घेतलेली अर्धी कळी तिसऱ्या दिवशी दुपटीने पसरणार हे बांधणाऱ्याला ठाऊक असावं लागतं. म्हणजे तो आजचा गुच्छ बांधतच नसतो, परवाचा बांधत असतो. फुलांच्या मधे आज जी मोकळी जागा राहते ती त्या उमलण्यासाठी राखलेली असते. नवशिक्याला ती जागा खुपते आणि तो तिथे पाला कोंबतो. पाल्याची कॉलर घातलेले, पाकळ्यांना श्वास घ्यायला फट नसलेले जे गुच्छ आपण 'पारंपरिक' म्हणून ओळखतो ते बहुतेक असे कोंबलेले असतात, आणि टीकाकारांना जो गोल गुच्छ कंटाळवाणा वाटतो तो हाच. त्यांचा कंटाळा खरा आहे. त्यांनी दोष चुकीच्या जागी लावला आहे.

परंपरेचंही एकदा स्पष्ट सांगायला हवं. सतराव्या शतकात पॅरिसमध्ये फुलं बांधून विकणाऱ्या बायकांची स्वतःची व्यावसायिक संघटना होती. बायकांच्या हाती कारभार असलेल्या अशा संघटना तेव्हा मोजक्याच. एकोणिसाव्या शतकात, 1845 मध्ये, 'लाशोम' हे फुलांचं दुकान उघडलं. दोन वर्षांनी झ्यूल लाशोमने खऱ्या फुलांचे मुकुट, दागिने आणि गुच्छ कसे रचावेत यावर पुस्तक लिहिलं. पण त्या काळच्या नाचगाण्याच्या दिवाणखान्यांतला गुच्छ बहुधा तारेवर चढवलेला असे. फूल मानेजवळ खुडायचं, तारेचा कृत्रिम देठ लावायचा, कडेने कागदी लेसची झालर. हात होता, दांडा नव्हता. अख्ख्या देठांची, वळत जाणारी बांधणी, जिला आज सगळे फ्रेंच वारसा म्हणतात, ती त्यामानाने तरुण आहे. मला यात काही कमीपणा वाटत नाही. तिच्यासाठी लांब देठाचा ताजा गुलाब रोज शहरात यावा लागतो, आणि तो येत होता: ब्रीच्या पठारावर ग्रिझी-स्वीनच्या आसपास गुलाबाचे मळे होते आणि तिथून बास्तीयच्या स्थानकात येणाऱ्या गाडीला लोक गुलाबगाडीच म्हणत. मळा ते हात हे अंतर सकाळभराचं होतं.

ते अंतर पुढे कसं वाढलं याचा इतिहास सर्वांना माहीत आहे. मी त्यातलं एकच साल काढून दाखवतो. 1954 मध्ये गुलाबाच्या नव्या जाती काढणाऱ्या मेयाँ घराण्याने 'बाकारा' हा गुलाब बाजारात आणला. लांबसडक काटेकोर दांडा, शेंदरी लाल, सैनिकासारखा शिस्तीचा, आणि नाकाला जवळपास मुका. त्याच 1954 मध्ये अमेरिकेत स्मिथर्सच्या कंपनीने 'ओअॅसिस' हा हिरवा, पाणी शोषणारा स्पंज विकायला सुरुवात केली. स्पंजात फूल टोचलं की ते हलत नाही. हाताने तोल सांभाळायची गरजच उरत नाही. एका शोधाने हाताचं काम काढून घेतलं हे उघड दिसतं, आणि त्याबद्दल आता सगळे हिरिरीने बोलतात. दुसऱ्याने तेच आतून केलं, त्याबद्दल कुणी बोलत नाही.

बोलायला हवं, कारण सगळं अडतं ते इथे. वाहतुकीसाठी घडवलेला गुलाब सारखा असतो. केनियातल्या नैवाशाचा असो, एक्वादोरचा असो किंवा हॉलंडमधला, तो सेंटिमीटरांत प्रतवारी होऊन येतो: चाळीस, पन्नास, साठ, सत्तर. आपल्याकडे तळेगाव-मावळच्या पॉलिहाऊसमध्ये ज्यांनी फेब्रुवारीच्या तोंडावरचं काम पाहिलं आहे त्यांना हे सांगायला नको. कळीवर जाळीची टोपी चढलेली, 'टॉप सिक्रेट'च्या वीस-वीस काड्यांची बंडलं, सगळ्यांची डोकी एका रेषेत, वाकडी काडी बाजूला. शेतकऱ्याने दुसरं काय करावं? बाजार सरळ काडीचेच पैसे देतो. पण अशा वीस काड्या पॅरिसच्या फुलवाल्याच्या हातात गेल्या की त्याच्या हाताला ठरवायला काही उरत नाही. प्रत्येक दांडा सारखा ताठ, प्रत्येक डोकं सारखं जड, प्रत्येक कळी सारखीच मिटलेली आणि बऱ्याचदा तशीच सुकणारी. कोन आपोआप येतो. गुच्छ आपोआप गोल होतो. बांधणी बिनचूक होते आणि त्यात कुणीही नसतं.

म्हणून गेल्या काही वर्षांत मला उत्साहित केलं ते त्या थोड्या लोकांनी, ज्यांनी वाकडी काडी परत हातात घेतली. रु मादामवरच्या 'ओदोरांत'ने काळ्या कागदात गुंडाळलेल्या सुवासिक गुलाबांवर नाव कमावलं तेव्हा लोकांना काळा कागदच दिसला. मला आत काय आहे ते महत्त्वाचं वाटलं: नाकाने निवडलेले गुलाब. वास असलेल्या गुलाबाची पाकळी सहसा मऊ, मान नाजूक, आयुष्य कमी; त्याला आवळता येत नाही, त्याच्याशी जमवून घ्यावं लागतं. क्लारिस बेरोच्या 'व्हेर्त्यूम'मधल्या गुच्छांत बागेतल्या गुलाबाची झुकलेली मान तशीच ठेवलेली असते आणि शेजारचा दांडा तिला खांदा देतो. 'ईव्ह पियाजे' हा मेयाँचाच गुलाब, 'बाकारा'च्या अगदी विरुद्ध टोकाचा: पिओनीइतका भरगच्च, घमघमणारा, डोकं इतकं जड की वेडावाकडा बांधला तर अख्खा गुच्छ एका अंगावर कलतो. असे पाच गुलाब एका हातात तोलून दाखवणाऱ्या माणसाला भिंत मढवता येते की नाही याची मला फिकीर नाही.

त्यांच्यापेक्षाही पुढे गेलेली मंडळी शहराबाहेर आहेत. 2017 मध्ये 'कोलेक्तिफ द ला फ्लर फ्रांसेझ' ही फ्रेंच फुलांचा पुरस्कार करणारी संघटना उभी राहिली. फ्रान्समध्ये विकल्या जाणाऱ्या दहा फुलांपैकी जवळपास नऊ बाहेरून येतात, हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं की ते शेवटी लोकांच्या डोक्यात बसलं. पॅरिसमध्ये 'देझिरे'सारखी दुकानं फक्त फ्रेंच फुलं विकायला बसली. खेड्यांतून लहान लहान फूलशेतं निघाली आणि तिथे पिकवणारा आणि बांधणारा पुष्कळदा एकच माणूस असतो. जून महिन्यात अशा शेतावर बांधलेला गुच्छ बघावा. एक गुलाब पूर्ण उमललेला, एक कळीत, एकाच फांदीला तीन फुलं असलेला तिसरा, चौथ्याचा दांडा कोयतीसारखा वळलेला. वळण बाहेरच्या बाजूला घ्यायचं की आत, हा प्रश्न हाताला पडतो. उत्तर दर वेळी वेगळं. गोल गुच्छ गोलच राहतो, पण त्याला आता चेहरा असतो. संपलेली कला म्हणतात ती हीच असेल तर मला जिवंत कला कुणीतरी दाखवावी.

पण या मंडळींशीही माझं भांडण आहे. ते आपली बाजू नेहमी पर्यावरणाच्या वहीत मांडतात. विमानाचा धूर, हरितगृहाचा गॅस, कीटकनाशकं. सगळं खरं आहे आणि तरी ती जमीन निसरडी आहे. क्रॅनफिल्ड विद्यापीठाच्या 2007 च्या अभ्यासात विमानाने आलेला केनियाचा गुलाब हॉलंडच्या तापवलेल्या काचघरातल्या गुलाबापेक्षा कमी कार्बन खर्चणारा निघाला, आणि तेव्हापासून आयातदार तो कागद खिशात घेऊनच फिरतात. कीटकनाशकांचा मुद्दा याहून भक्कम आहे: 2025 च्या व्हॅलेंटाइनच्या सुमारास एका मोठ्या फ्रेंच ग्राहकसंघटनेने गुलाब, जरबेरा आणि शेवंतीचे 15 गुच्छ तपासून घेतले, सगळ्यांत अंश सापडले, आणि खाण्याच्या जिनसांना असते तशी अंशांची कमाल मर्यादा युरोपात कापलेल्या फुलांना नाही. ज्यांचे उघडे हात दिवसभर त्या देठांवर असतात त्यांचा विचार करून माझ्या अंगावर काटा येतो. तरीही समजा, उद्या कुणी बिनविषारी, बिनधुराचा, स्वस्त गुलाब जानेवारीत पॅरिसमध्ये आणून दाखवला, तर ही मंडळी काय बोलतील? त्यांचा युक्तिवाद तिथे संपेल. माझा संपणार नाही. तो गुलाब निर्मळ असेल आणि तरी सारखाच असेल. सारख्या गुलाबांचा गुच्छ बांधणं हे काम आहे, कला नाही, आणि गुलाबात फरक येतो तो हंगामाने.

तेव्हा मागणी सरळ करतो. चौदा फेब्रुवारीला फ्रेंच फुलवाल्यांनी गुलाब विकू नये. एकही. त्या दिवशी फ्रान्सच्या बागांत गुलाब नसतो, आणि जो विकला जातो तो बांधावा लागत नाही, मोजावा लागतो. विषम संख्येतच द्यायचा हा तिथला संकेतही मग हिशेबापुरता उरतो. त्या आठवड्यात इयेरच्या फूलबाजारात रॅनन्क्युलस असतो, अॅनिमोनी असते. कोत दाझ्यूरचे डोंगर मिमोसाने पिवळे झालेले असतात. प्रेम व्यक्त करायला एवढं पुरत नसेल तर अडचण फुलांत नाही.

धंद्याचं काय, असं विचारलं जाईल. वर्षाचा मोठा गल्ला त्या दिवशी जमतो, भाडं त्यातून भरलं जातं, ठीक. म्हणून सुरुवात कोपऱ्यावरच्या दुकानदाराने करावी असं मी म्हणत नाही. ज्यांना पावणेदोनशे वर्षांचा वारसा पाटीवर मिरवता येतो, ज्यांची गिऱ्हाइकं किंमत विचारत नाहीत, त्यांनी एक वर्ष फेब्रुवारीत 'मे महिन्यात या' असं सांगून बघावं. गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल म्हणता? जाऊ दे. त्या दुसरीकडे जे मिळतं त्याच्यात आणि आपल्या मालात फरक आहे असा जर त्यांचा दावा असेल, तर तो सिद्ध करायची संधी याहून चांगली कुठली?

दुसरी मागणी शाळांकडे आणि परीक्षामंडळाकडे. पोरांना बुके रों शिकवायचा तर तो ज्या गुलाबामुळे शिकण्याजोगा होतो तो गुलाब त्यांना द्या. प्रात्यक्षिक परीक्षा वसंत सरता सरता, बागा भरात असतानाच येतात. साठ सेंटिमीटरची एकसारखी बंडलं टेबलावर मांडण्याऐवजी प्रत्येकापुढे बागेतून कापलेल्या गुलाबांची एक बादली ठेवा: आखूड, लांब, वाकडे, उमललेले, मिटलेले. त्यावर हरकत येणार हे मला दिसतं आहे. सगळ्यांना समान साहित्य मिळणार नाही, तुलना करता येणार नाही, गुण द्यायला परीक्षकांना त्रास होईल. होऊ दे. गुच्छ उभा राहतो की नाही एवढंच न बघता, कुणाच्या बादलीत काय आलं होतं आणि त्याने त्यातलं काय बाजूला टाकलं, हे त्यांना वाकून बघावं लागेल.